धाकटीचा डावा हात

बाबा, तुम्ही धाकटीला ओळखत होतात. तिचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, ती तुमची मुलगी आहे हे रोज नव्यानं सांगावं लागलं, तरीही ओळखत होतात. मी हे इतक्या ठामपणे म्हणते, कारण पुढे आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि त्यातही स्मृती हाच माझा विषय राहिला. लोकांना वाटतं तो मी निवडला. खरं म्हणजे जव्हारच्या आपल्या घरी, ओट्यावर तुमच्या शेजारी बसल्या बसल्या तो माझ्या वाट्याला आला.

तुमच्या यातलं काहीच लक्षात राहिलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. संस्थान विलीन झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. तुम्ही संस्थानच्या शाळेत मास्तर होतात. विलीनीकरणानंतरही तीच शाळा, तोच फळा, तेच तुम्ही. फक्त हजेरीपटावरचा शिक्का बदलला. वर्षभरानं धाकटी झाली. ती तुमची फार लाडकी. सकाळी उठली की तुमच्या खाटेवर चढून तुमच्या पोटावर बसायची आणि तुम्ही तिला घोड्यावर बसवल्यासारखं हलवायचात. ती चार वर्षांची असताना श्रावणात तुम्ही पोशेऱ्याची नवी शाळा बघायला चालत निघालात. वाटेत ओढ्याला पाणी होतं. दगडावरून पाय सटकला आणि डोकं खडकावर आपटलं. गावच्या माणसांनी तुम्हाला डोलीत घालून परत आणलं. आठ दिवस तुम्ही डोळे उघडले नाहीत.

नवव्या दिवशी तुम्ही पाणी मागता. आईला नेहमीसारखं "अगं" म्हणता, आणि आई तोंडाला पदर लावून रडते. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणता, "ही कोण? आपल्या पोरीच्या तोंडवळ्याची आहे." तेवढ्यात धाकटी खाटेवर चढते आणि सवयीनं तुमच्या पोटावर बसते. तुम्ही तिला अलगद खाली उतरवता आणि आईला विचारता, "हे लेकरू कोणाचं?" धाकटीला तो नवा खेळ वाटतो, ती खुदकन हसते. संध्याकाळी तुम्ही तेच पुन्हा विचारलंत, तेव्हा ती हसली नाही.

डॉक्टर म्हणाले, "जुनं आहे, नवं टिकत नाही." ते खरंच होतं. विलीनीकरणाच्या आधीचं सगळं तुमच्यापाशी शाबूत होतं, अगदी जामसरच्या आपल्या शेताच्या बांधावरची झाडंसुद्धा ओळीनं सांगायचात. त्यानंतरची पाच वर्षं मात्र पुसून गेली होती, आणि नवं काही सांगितलं तर पाच-दहा मिनिटांच्या वर राहत नव्हतं. रोज सकाळी तुम्ही कोट चढवायचात, टोपी नीट करायचात. "आज दरबारातून तपासणीला माणूस यायचा आहे. मुलांना लवकर बोलावलंय." आई म्हणायची, "आज सुट्टी आहे." मग तुम्ही कोट काढून खुंटीला लावायचात. जामसरचे काका आले की तिला सांगायचे, "वहिनी, हो म्हनायचं नि काय. त्याच्या मनाजोगं बोलायचं. सुट्टी-बिट्टी कशाला?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मी खोटं नाही बोलत भाऊजी. त्यांना सुट्टी आहेच की."

नोकरी तर गेलीच. आई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी तुमच्याजवळ मी आणि धाकटी. चौथीचा निकाल लागला तेव्हा मी पळतच घरी आले. "बाबा, माझा पहिला नंबर!" तुम्ही खूश झालात, पाठीवर थाप मारलीत. मी आत जाऊन पाणी पिऊन आले तर तुम्ही विचारलंत, "तू कोणाची गं, बाळ?" माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "तुमची! मी तुमची मुलगी. मोठी झालेय मी. संस्थान गेलं, बाबा. राज्य गेलं, तुमची शाळा सरकारची झाली, आणि आता तुम्ही तिथे नाही!"

"कधी?" तुम्ही विचारलंत.

"झाली की आता पाच-सहा वर्षं."

तुम्ही हातांकडे बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "मग मी कुठे होतो?"

आणि तुम्ही रडलात. मी तुम्हाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तुम्ही मी काय बोलले ते विसरलात. पण जेवला नाहीत. दुपारभर ओट्यावर येरझाऱ्या घालत होतात, आणि आई आल्यावर तिला विचारलंत, "आपल्यात कोणी गेलं का? मला कोणी सांगत नाहीये." बातमी विसरली होती, दुःख उरलं होतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, आधी पाहिलं. पुस्तकं फार नंतर हाताशी आली.

धाकटीनं मात्र ओरडणं, सांगणं काही केलं नाही. ती पाटी घेऊन तुमच्यासमोर बसायची. समोर पाटी दिसली की तुम्ही मास्तर व्हायचात, तेवढं तुमच्यातून कधी गेलं नाही. "नाव काय तुझं? कोणाची? बस." रोज पहिला धडा, रोज ग म भ न. ती डावरी होती. पेन्सिल डाव्या हातात धरली की तुम्ही ती काढून उजव्या हातात द्यायचात. "या हातानं" असं दटावायचात. तिचं अक्षर वाकडं यायचं, डोळे भरायचे. तिचे अश्रू दिसले की तुम्ही विरघळायचात आणि म्हणायचात, "बरं, राहू दे, तुझ्या हातानं काढ." दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून. असे कितीतरी महिने गेले. त्या वेळात ती सगळी मुळाक्षरं शिकली आणि तुम्ही तिला रोज पहिल्यांदाच भेटत राहिलात.

मग एक दिवस आई लवकर परतली होती आणि नागली निवडत दाराशी बसली होती. धाकटी पाटी घेऊन आली. तुम्ही विचारलंत, "नाव काय तुझं?" तिनं सांगितलं. "कोणाची?" "तुमची," ती म्हणाली. तुम्ही हसलात, मास्तर दुसऱ्याच्या मुलांकडे बघून हसतात तसे. आणि पेन्सिल उचलून, तिनं हात पुढे करायच्या आधीच, सरळ तिच्या डाव्या हातात दिलीत.

मी आईकडे पाहिलं. तिचे हात सुपात थांबले होते. ती म्हणाली, "अहो, डाव्या हातात का दिलीत?"

तुम्ही गोंधळलात. "कोण जाणे. ही डाव्या हातानं लिहिते ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

तुम्ही पाटी तिच्यापुढे सरळ केलीत. मग जरा चिडून म्हणालात, "माझ्या वर्गातली मुलं मला माहीत नसणार?"

आई उठून आत गेली. मी मागे गेले तर ती चुलीपाशी उभी होती आणि हसत होती, रडतही होती. म्हणाली, "ओळखतात. आत कुठेतरी ओळखतात."

नाशिकला कॉलेजात आमच्या सरांनी एकदा सांगितलं की माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची माळ. दोरा तुटला की तो माणूस राहत नाही. मी उभी राहिले. म्हटलं, सर, मग माझे वडील ओढ्यात पाय घसरला तेव्हाच संपले का? मुली माझ्याकडे बघायला लागल्या. सर भले होते, म्हणाले, तूच सांग. मी सांगितलं: घडलेल्या गोष्टी एका ठिकाणी राहतात, हाताची सवय दुसरीकडे, आणि जीव लागणं आणखी तिसरीकडे. पहिली जागा कोसळली तरी बाकीच्या उभ्या राहू शकतात. माझे वडील दोन जागांवर पूर्ण आहेत. पुढे तीस वर्षं मी हेच शिकवलं, शास्त्राच्या भाषेत, आणि त्यात फारसं काही बदलावं लागलं नाही. सरांशी हे बोलणं झालं त्याच वर्षी तुम्ही तापानं गेलात. शेवटच्या दिवशी धाकटी पायाशी बसली होती आणि तुम्ही आईला म्हणालात, "त्या मुलीला जेवायला घाल, कधीची बसलीय."

धाकटी आता स्वतः आजी आहे. ती म्हणते, "मला त्यातलं काही आठवत नाही गं. तू सांगितलंस तेवढंच मला आठवतं." तेही बरोबर आहे. आठवण फडताळात ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आपण ती नव्यानं बांधतो, आणि बांधताना एखादी काडी इकडची तिकडे होते. तुमच्या कोटाचा रंग मी आता शपथेवर सांगणार नाही. पेन्सिलीचं सांगेन. आईनंही पाहिलं होतं.

हे पत्र धाकटीला वाचायला द्यायचं ठरवलं होतं. आता देणार नाही. संस्थान गेल्याचं मी तुम्हाला एकदाच सांगितलं असं तिला वाटतं. तेरा-चौदा वर्षांची असताना मी ते पुन्हा एकदा सांगितलं होतं, बाबा. त्या दिवशी मला राग आला नव्हता. तुम्हाला किती वेळ वाईट वाटत राहतं ते मला बघायचं होतं, आणि मी घड्याळासमोर बसून राहिले होते.