हेडरवरचं हळदीकुंकू

आप्पा, तुमच्या गॅरेजात आता तुम्हाला ओळखू येईल असं फारसं काही उरलेलं नाही. खड्डा बुजवून गाडी उचलणारी लिफ्ट बसवलीय, भिंती पांढऱ्या केल्यात, त्या रोज नव्यानं काळ्या होतात. शेजारचे मिस्त्री मात्र अजून आहेत. ऐंशीला टेकलेत, काम त्यांचा मुलगा बघतो, पण रोज सकाळी माझ्या दारात उभे राहून उद्यमनगरात कुणाचं काय चुकलं याची बातमी देऊन जातात. मागच्या महिन्यात चुकणारी मीच होते, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

कसबा बावड्यात एक दातांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडे एक लाल, बुटकी, भयंकर पळणारी गाडी आहे आणि तिला तो पेशंटपेक्षा जास्त जपतो. तिच्यासाठी त्यानं बाहेरून हेडर मागवले. तुमच्या वेळी इंजिनातला धूर बाहेर काढायला बिडाचा एकच जाडजूड ठोकळा असायचा. हेडर म्हणजे त्याच्या जागी चार वेगळे पाइप, दर सिलिंडरला स्वतःचा, वळणं घेत पुढे एका तोंडात मिळणारे. धूर एकमेकांच्या पायात येत नाही, गाडी मोकळी होऊन पळते. खोक्यातून ते बाहेर काढले तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला, ‘हे काय, जिलबी पाडलीया व्हय?’ त्या जिलबीवर उष्णता रोखणारं कोटिंग करायचं, म्हणजे पाइपाची आग पाइपातच राहते आणि बॉनेटखालची भट्टी होत नाही. तुम्ही ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर चंदेरी रंग फासायचात, आणि गाडी पहिल्यांदा चालू केली की गल्लीभर धूर व्हायचा, तेच काम. फक्त आता धूर होत नाही.

अशा गाड्यांचे हौशी लोक रविवारी गावाबाहेरच्या एका मैदानात जमणार होते, बॉनेट उघडी टाकून एकमेकांची कामं बघायला. डॉक्टरची गाडीही जाणार होती. माझा जीव त्या रविवारात अडकला होता आप्पा. दहा वर्षं झाली मला हे गॅरेज चालवायला लागून, तरी अजून नवीन माणूस आत आला की माझ्या मागे बघतो आणि विचारतो, ‘मिस्त्री कुठं हाईत?’ ऑइल बदलायला, ब्रेक बघायला बाई चालते. इंजिनाला हात लावायचा म्हटलं की त्यांना दुसरं काम आठवतं. हे हेडर झकास बसले असते तर तो प्रश्न निदान त्या मैदानातल्यांचा तरी मिटला असता.

काम करताना मात्र मी खुशीत होते. जुना ठोकळा काढताना त्याला इंजिनाशी धरून ठेवणारा एक स्टड असा गंजून बसलेला की हलेना. ऑइल सोडलं, थांबले, गॅसनं तापवला, पुन्हा थांबले, आणि पान्यावर हलका दाब दिल्यावर तो ‘कट्ट’ करून सुटला. या आवाजासाठी मी जेवण सोडीन. हेडर घासून, सँडब्लास्ट करून, थिनरनं पुसून घेतले. यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचं तेल लागलं तरी कोटिंग धरत नाही. म्हणून हातमोजे घालून, श्वास रोखून फवारा मारला. सुंदर राखाडी-चंदेरी रंग आला. वाळला. आता हेडर शिरोलीला नेऊन भट्टीत भाजायचे आणि गाडीवर चढवायचे.

आणि इथे मी माती खाल्ली. तुम्ही नवीन पार्ट गाडीवर चढवण्याआधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचात. तो करंडा अजून नटबोल्टच्या खणातच आहे. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण हाताला सवय आहे. मोजे काढले, करंडा उघडला, आणि पहिल्या पाइपाच्या खालच्या अंगाला बोट टेकवलं. मग तो तसाच भट्टीत गेला. बाहेर आला तेव्हा कुंकू जळून गेलेलं, आणि त्या जागी कोटिंग फुगून माझ्या बोटाचा तपकिरी ठसा, अगदी रेघांसकट, पक्का बसलेला. तिथेच थांबायला हवं होतं. पण खालच्या अंगाला तर आहे, कोण वाकून बघतंय, असं म्हणून मी हेडर गाडीवर चढवले.

डॉक्टर बुधवारी आला आणि त्यानं खिशातून काय काढलं असेल? दातांच्या मागे बघायचा तो छोटा आरसा! टॉर्च लावून एकेक पाइप आ करायला लावल्यासारखा तपासला. पहिल्या पाइपाखाली आरसा थांबला.

“ताई, हे काय हाय वो? डाग दिसतोय की.”

“नवीन कोटिंग हाय, डॉक्टर. चालवा थोडं, बसंल.”

तो बिचारा ‘बरं’ म्हणाला, आरसा पुसून खिशात ठेवला आणि गेला. त्यानं विश्वास ठेवला याचीच मला जास्त लाज वाटली. कारण ‘बसंल’ हा शब्द माझा नव्हता, तुमचा होता.

आठवतंय? मी सातवीत आहे. चंदगडच्या एका माणसाच्या जीपला तुम्ही सायलेन्सर बसवलाय, आणि जीप चालू केली की जोडातून फुसफुस येतंय. तो माणूस म्हणतो, “मिस्त्री, हवा मारतंय की.” तुम्ही हात पुसत म्हणता, “नवं हाय पावणं. चंदगडला पोचस्तोवर बसंल.” आणि मी स्टुलावरून मोठ्यानं सांगते, “आप्पा, जोडातलं पॅकिंग हितं टेबलावरच राहिलंय!” चंदगडकर हसला, शेजारचे मिस्त्री तर पोट धरून हसले. तुम्ही लालबुंद कानांनी पुन्हा जीपखाली गेलात. घरी आल्यावर, आई भाकरी थापत असताना, तुम्ही एवढंच म्हणालात, “चारचौघात बापाला खोटं पाडतीस?” आणि तीन दिवस बोलला नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या मापाचा खाकी शर्ट शिंप्याकडून घेऊन आलात. “उद्यापासनं पॅकिंग तू बघायचं,” म्हणालात. चुकलं, असं त्या दिवशीही म्हणाला नाहीत, आणि नंतर कधीही नाही.

मी डॉक्टरला फोन केला. म्हटलं, तो डाग बसणार नाही, तो माझ्या बोटाचा ठसा आहे, हळदीकुंकवाचा. पलीकडे तो जो हसत सुटला! “राहू द्या की मग ताई, आमची आई खूश हुईल!” मी म्हटलं, नाही. बॉनेट उघडल्यावर लोक म्हणतील, बाईच्या गॅरेजात गाडीलाही हळदीकुंकवाला बोलावतात. तो म्हणाला, “मग काढा.” हेडर उतरवले, कोटिंग घासून काढलं, पुन्हा फवारा, पुन्हा भट्टी. करंडा घरी नेऊन ठेवला. शनिवारी संध्याकाळी गाडी चालू केली आणि चारही पाइप असे एका सुरात घुमले की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी मैदानात ठशाची गोष्ट मी लपवणार होते. पण डॉक्टरनं येईल त्याला ती रंगवून सांगितली. लोक हसले, खूप हसले, पण मग वाकून काम बघायला लागले, आणि नंतर प्रश्न मला विचारायला लागले. माझ्या मागे कुणी बघितलं नाही. शेजारचे मिस्त्रीही मुलाबरोबर आले होते. त्यांनी चष्मा पुसून हेडर निरखले आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात विचारलं, “काम चांगलं हाय. पर आपली चूक अशी गिऱ्हाइकाला सांगायला कुणाकडं शिकलीस गं?”

“आप्पांकडं,” मी म्हटलं. “ते म्हणायचे, चुकलं तर आपणहून सांगायचं.”

मिस्त्रींनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चंदगडच्या जीपच्या वेळी सगळ्यात मोठ्यानं तेच हसले होते. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “व्हय. तसाच हुता तुझा बा.”

तुम्ही असं कधीही म्हणाला नव्हता, आप्पा. ते मी तिथल्या तिथे रचलं. आता माझी गिऱ्हाइकं ते एकमेकांना सांगतात, आणि तुम्हाला कधी न पाहिलेली माणसं तुमच्याबद्दल आदरानं बोलतात. हे पत्र धाडायला पत्ता नाही ते एका परीनं बरंच आहे, नाहीतर तुम्ही आणखी तीन दिवस बोलला नसतात. पण कबूल करते. चारचौघात खोटं बोलले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.