पालखी जड झाली

तळखार, ता. मुरूड
१८ मार्च २०२५

चि. प्रज्योत यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल चालत नाही, हे फार बरं झालं. निदान भाच्याचं अक्षर तरी बघायला मिळालं. वाळूवरून चिंबोरी चालत गेल्यासारखं आहे, पण वाचलं. तुझ्या बापाने, म्हणजे आमच्या हिरामणदादाने, पुन्हा पुन्हा वाचलं आणि डोळ्यांत चुलीचा धूर गेला म्हणाला. आपल्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली, तुला माहीत आहेच.

आता वाईट बातमी. बायजाचा अल्पेश परवा खाडीच्या बंधाऱ्यावर बेशुद्ध सापडला. तुझ्यासारखाच, त्याच पावडरीने. दवाखान्यात आहे, वाचेल म्हणतात. त्यावर गावकी बसली आणि गावकीला नेहमी सुचतं तेच सुचलं, की हिरामणच्या घराला वाळीत टाका, पहिला पोरगा त्यांचा बिघडला. सरपंचाच्या खुर्चीवर मी उशी घेऊन बसते म्हणून तू हसतोस ना, त्या दिवशी उशी बाजूला टाकून उभी राहिले. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे आणि खरा गुन्हेगार दादाच्या घरात राहत नाही, असं सांगितलं. मग कोण, ते तूच सांग, असं कुणी विचारलं नाही. सगळे चपला शोधायला लागले.

पुड्या गणराजच्या घरामागच्या, पर्यटकांच्या कॉटेजवर मिळतात, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पण गणराज बाबाजीशेठचा माणूस. शेठचा फोटो कबड्डीच्या बॅनरवर, जत्रेच्या मंडपावर, बस थांब्यावरसुद्धा. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणतात, पाहिलेल्या माणसाने लेखी द्यावं. शेठ स्वतः माल उतरवून देताना तू पाहिलंस, हे तू तापात बोलला होतास. मी जबरदस्ती करत नाही. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेला घरी ये, मग बोलू.

तब्येत सांभाळ आणि आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या,
सखुबाई

*

पनवेल
२६ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरांनी आधी वाचलं. इथे तसा नियम आहे. उशीचं वाचून ते इतके हसले की सगळ्या वॉर्डाला कळलं, माझी आत्या सरपंच आहे. आता भांडी घासायची पाळी आली की पोरं मला सरपंचसाहेब म्हणतात. इथला आचारी आमटीत साखर घालतो. पहाटे योगा असतो, त्यात शवासन मला उत्तम जमतं, फक्त घोरू नको म्हणतात.

अल्पेशचं वाचल्यावर मात्र जेवण गेलं नाही. त्याला मीच एकदा त्या कॉटेजवर घेऊन गेलो होतो.

आत्या, मी जत्रेला येणार नाही. नंतरही नाही. डॉक्टर माझ्यासाठी इथेच एका गोदामात काम बघतायत. शेठला मी घाबरतो हे खरं, बाबांच्या घरावर दगड येतील. पण त्याहून जास्त मी माझ्या पायांना घाबरतो. आपल्या घरचा रस्ता गणराजच्या दारावरून जातो. ते दार दिसलं की पाय आपोआप आत वळतील. कबड्डी त्यानेच शिकवली आणि पहिली पुडीही त्यानेच दिली, फुकट. त्याच्याविरुद्ध सही करायला हात उचलत नाही, आणि सही न करता त्या रस्त्याने चालायची हिंमत नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
प्रज्योत

*

तळखार
१५ एप्रिल २०२५

चि. प्रज्योत यास आशीर्वाद आणि एक चापट.

चापट गोदामाबद्दल. आता जत्रेचं ऐक.

गावकीने ठरवलं होतं की यंदा गावदेवी आईची पालखी गणराजच्या दारात थांबवायची नाही. मी म्हटलं, हे पुन्हा वाळीत टाकणंच झालं. पालखी दरसाल प्रत्येक दारात थांबते, घरची बाई ओटी भरते, मग पालखी पुढे जाते. याही दारात थांबेल. थांबली. गणराजच्या आईने, नीराबाईने, ओटी भरली. पण पालखी उचलेना. भोई म्हणाले, जड झाली. आता पालखी जड झाली की घरात काय चुकलं ते घरच्यांनी आईला सांगावं लागतं, तोवर ती हलत नाही. पुढच्या दांडीला तुझा बाप होता. आईने पालखी जड केली की दादाने खांदा ढिला सोडला, ते आईला आणि दादालाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणतो, कंबर धरली होती.

मग काय, सगळं गाव तिथेच बसलं. बायजा अल्पेशचा फोटो घेऊन दारासमोरच बसली. भजनं झाली, सरबत झालं, उन्हं उतरली. कॉटेजवर येणाऱ्या गाड्या लांबूनच गर्दी बघून परत वळत होत्या. तेव्हा बाबाजीशेठला राहवलं नाही. रस्ता अडवला म्हणून त्याने स्वतः पोलिसांना फोन केला. एवढ्या अर्जांना न आलेली गाडी लगेच आली.

साहेब उतरले आणि मला कायदा सांगू लागले. तेवढ्यात नीराबाई पोराला हाताला धरून बाहेर घेऊन आली. ती म्हणाली, “आईसमोर बोल. घरात काय हाय, ते तिला आधीच ठाव हाय. मलाच ठाव नवतं.”

गणराज खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग त्याने दारातल्या होडीच्या इंजिनाच्या पेटीतून माल काढून दिला आणि शेठचं नाव घेतलं. सगळ्या गावादेखत घेतलं, म्हणून साहेबांना लिहून घ्यावं लागलं. पालखी त्यानंतर कापसासारखी उचलली.

गणराज कोठडीत आहे. शेठलाही नेलं. आधी फोन न उचलणारे तालुक्याचे पुढारी आता आमच्याबरोबर फोटो काढायला येतात. मी त्यांना पावडरबंदीच्या ठरावाच्या कागदावर आधी सह्या करायला लावते, मग हसते. पण शेठचा वकील मोठा आहे. एकट्या गणराजच्या शब्दावर शेठ सुटेल, असं साहेब म्हणतात. दुसरा साक्षीदार तूच आहेस. त्यापुढे मी काही लिहीत नाही.

नीराबाईशी गावात बोलायला अजून लोक कचरतात. मी आणि बायजा रोज जातो. हो, बायजासुद्धा.

अर्धा राग गेलाय, उरलेला तू आलास की जाईल.

तुझी आत्या

*

पनवेल
२२ एप्रिल २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार. बाबांच्या कंबरेलाही.

पत्र वाचून मी मागच्या आवारात जाऊन बसलो. सरांनी विचारलं तर धूर गेला म्हणालो. घराण्याची सवय.

गोदामाला ‘नाही’ म्हणून कळवलं. साहेबांना सांग, जबाब घ्यायला इथवर येऊ नका, पुढच्या सोमवारी मीच ठाण्यात येतो. शेठचं पाहिलेलं सांगेन, गणराजचं सांगेन आणि अल्पेशला मी नेलं तेही सांगेन. सही वाकडी येईल, पण होईल. अक्षराला चिंबोरी म्हणायचं नाही.

तिथून घरी चालत येईन, कुणी न्यायला येऊ नका. रस्ता तोच आहे आणि भीतीही अजून तीच आहे. पण त्या दाराशी पाय वळलेच तर या वेळी वळू देणार आहे. नीराकाकी घरात एकटी असेल. तिच्या हातचं पाणी पिऊन मग पुढे येईन.

थोडा उशीर झाला तर काळजी करू नका. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
प्रज्योत