तार किती खोल गेली

१४ सप्टेंबर, शनिवार
टोरांटोहून मुलाचा, अ‍ॅशलेचा व्हिडिओ कॉल. फ्रीझर उघडून सामन माशाचे तुकडे दाखवले. म्हणाला, डॅड सेज हा मासा उथळ पाण्यात मिळतच नाही, स्टीलची तार सोडून गळ खोल न्यावा लागतो. मी म्हटलं, मी कधी म्हणालो असं? त्याने फ्रीझर बंद केला. मग कळलं, डॅड म्हणजे आमचे व्याही डेरिक. सासऱ्याला डॅड म्हणायची तिकडे पद्धत आहे. मला काही वाटलं नाही. जेवलो नाही, पण ती अ‍ॅसिडिटी.

१७ सप्टेंबर, मंगळवार
ख्रिसमसला अ‍ॅशले येतोय. एकटाच, सुनेला सुट्टी नाही. ठरवलं: त्याला फुजैऱ्याच्या समुद्रात नेणार आणि डेरिकच्याच पद्धतीने सुरमई काढून दाखवणार.
अकरा व्हिडिओ पाहिले. बशीएवढी प्लास्टिकची चकती असते, तिला डायव्हर म्हणतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या जोराने ती खाली बुडी मारते, मागे गळ. नायलॉनची दोरी जाड, पाणी तिला अडवतं. स्टीलची बारीक तार पाणी कापत जाते, म्हणून डायव्हर जास्त खोल. तत्त्व सोपं आहे. सव्वीस वर्षं इथे आखातात, रास अल खोरच्या गोदामात स्पेअर पार्ट सांभाळणाऱ्याला यात कठीण काय?

५ ऑक्टोबर, शनिवार
पार्सल आलं. हजार फूट तार हॉलमध्ये बसून रिळावर गुंडाळायला घेतली. नियम एकच: तार कधीही ढिली सोडायची नाही.
सोडली.
रोझलिन चर्चमधून आली तेव्हा तार सोफ्याचा पाय, पडदा आणि माझा घोटा यांच्यातून फिरली होती. तिने थेट पक्कड आणली. आता सहाशे चाळीस फूट शिल्लक. पुरे आहे.

२० ऑक्टोबर, रविवार
पहिली सफर. बोट नूरुद्दीनच्या अरबाबची, म्हणजे मालकाची. नूरुद्दीन माझा जुना रूममेट, रत्नागिरीचा, फुजैरा पोर्टात जहाजांना तेल भरायच्या कामावर. सुट्टीला मालक त्याला बोट देतो.
रिळावरच्या मीटरने दोनशे चाळीस दाखवलं. म्हणजे दोनशे चाळीस फूट खोल! नूरुद्दीन म्हणाला, सिरिलभाई, इथे पाणीच पंधरा वाव, म्हणजे नव्वद फूट. त्याचा अंदाज जुना असावा.
त्याने हाताने दोरी सोडून दोन सुरमई काढल्या. मला शून्य. इथले मासे अजून तारेला सरावलेले नाहीत.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
मीटर बाहेर गेलेली तार मोजतो, खोली नाही. तार तिरकी जाते. व्हिडिओत सांगितलं होतं, पण फार भरभर.

१० नोव्हेंबर, रविवार
आज परफेक्ट सेटिंग. दोन तास बोट हळू चालवली, तारेवर डोळा ठेवून. शेवटी नूरुद्दीनने विचारलं, ती लाल बशी पाण्यावर तरंगवायचीच असते का? तो म्हणे सुरुवातीपासून ती बदकासारखी मागे येताना बघतोय, त्याला वाटलं कॅनडाची स्टाईल असेल.
मासा लागला की डायव्हर सुटून वर यावा म्हणून एक पिन असते. ती ढिली राहिली, म्हणून डायव्हर बुडालाच नाही. तार ओढताना अंगठा कापला, तीन टाके. ऑफिसात सांगितलं, दरवाजा.

२४ नोव्हेंबर, रविवार
अ‍ॅशलेला फोनवर सांगून टाकलं की मी हल्ली रेग्युलर तार वापरतो, नव्वद फूट आरामात जातो. तो म्हणाला, रिअली, डॅड? आवाजात इतका आनंद होता की मीही खूश झालो.
फोन ठेवल्यावर रोझलिन म्हणाली, आठ वर्षांचा होता तेव्हा दर शुक्रवारच्या सुट्टीला फुजैऱ्याला चला म्हणून रडायचा. मी म्हटलं, तेव्हा स्टॉकटेकिंग असायचं. ती म्हणाली, मी कुठे काय म्हटलं.

१४ डिसेंबर, शनिवार
पिन घट्ट केली. डायव्हर खाली गेला, गेला, आणि दणकन गळाची काठी वाकली! वीस मिनिटं झुंजलो. पाठ गेली. वर आला जाळीचा मोठा पिंजरा, मासे धरायला कुणीतरी तळाशी ठेवलेला. नूरुद्दीनने आतले मासे न मोजता तो परत सोडला आणि चारी बाजूंना बघून यल्ला, निघा म्हणाला.
एक नक्की. तळ गाठला. खोलीचा प्रश्न खलास.

२८ डिसेंबर, शनिवार
अ‍ॅशले, नूरुद्दीन, मी. समुद्र शांत. तार मी सोडली. जरा जोरात सोडली. रिळावर तारेचा गुंता, चिमणीचं घरटं झालं.
अ‍ॅशलेने काठी घेतली. मांडीवर रीळ ठेवून चाळीस मिनिटं एकेक वेढा सोडवला. मग अंगठा रिळावर दाबून तार इतकी सावकाश सोडली की मला बघत राहावंसं वाटलं. म्हणाला, स्लो, डॅड, दॅट्स ऑल. कुणीतरी शेजारी बसून शिकवलंय त्याला. बरेच दिवस बसलं असणार.
अर्ध्या तासाने मासा लागला. खराखुरा. त्याने काठी माझ्या हातात दिली, यू टेक इट. मी ताकदीने वर खेचली आणि रीळ फिरवायला काठी झटकन खाली आणली. तार ढिली पडली, मुडपली, तुटली. डायव्हर, गळ, मासा, सगळं गेलं.
तो म्हणाला, इट हॅपन्स. डेरिकचंही तुटलं होतं. मी विचारलं, कितीदा? म्हणाला, वन्स.
मग नूरुद्दीनने त्याला हातातली दोरी दिली. आठेक किलोची सुरमई. दोघे किनाऱ्यापर्यंत हिंदीत हसत होते. अ‍ॅशलेला हिंदी इतकी येते हे मला माहीत नव्हतं. मी मागे बसून उरलेली तार गुंडाळली.

३१ डिसेंबर, मंगळवार
एअरपोर्टवर त्याने घट्ट मिठी मारली. म्हणाला, बेस्ट डे, डॅड. मी म्हटलं, पुढच्या वेळी नीट करू. तो म्हणाला, शुअर, नूरू अंकलनी कधीही ये म्हटलंय.
घरी येऊन दुपारभर झोपलो. खूप थकलो होतो.

३ जानेवारी, शुक्रवार
अ‍ॅशलेने बोटीवरचा सेल्फी टाकलाय. तो, नूरुद्दीन आणि मधे सुरमई. माझा एकही वेगळा फोटो नाही, पण तिघांची आठवण एकाच फोटोत येते, हेही चांगलंच. डाव्या कोपऱ्यात माझा निळा खांदा दिसतो. रोझलिनला दाखवला. ती चष्मा लावून बघत राहिली. म्हणाली, सिरिल, हा खांदा नाही. बोटीला धक्का लागू नये म्हणून निळा रबरी फुगा टांगतात ना, तो आहे.
मोठा करून पाहिला. फुगाच आहे.