गुलाबांचे पडदे

ग्रोनिंगन, १० जानेवारी

ती. रूली आत्यास,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात तुमच्या ग्रामपरिषदेपुढे ठराव येतोय: अंधार पडला की काचघरांनी छताचे पडदे ओढायचे. तो फेटाळला, तर विद्यापीठ आमची दुर्बीण बंद करणार आणि माझं संशोधन अर्ध्यावर राहणार. तुमच्या काचघरांत गुलाबांसाठी रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी सगळं आकाश नारिंगी झालंय गं! सरांनी परिषदेला जाडजूड अहवाल पाठवलाय. दारोदार मतं मागणं काही शास्त्रज्ञांचं काम नव्हे. तू सदस्य आहेस, तेवढं मत दे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
रेन्स्के

१५ जानेवारी

चि. रेन्स्के हिस,
अ. उ. आ.

मला मत देता येणार नाही. गुलाब माझेही आहेत. ज्याचा धंदा त्यात गुंतलाय, त्याने मतदानाच्या वेळी बाहेर जायचं असा नियम आहे. आणि तुमचा अहवाल आमच्या परिषदेतल्या हार्म गोठेवाल्याने दुसऱ्या पानावरच मिटला. अगं, रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, मग परिषद कशाला पाजेल? त्यातून आपल्या गावात पडदा लावतात तो घरात कुणी वारलं तरच!

शनिवारी माझ्या वाढदिवसाला ये. रीतीप्रमाणे गोल बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन कर, केकचा एकच तुकडा घे, आणि दुसऱ्या कॉफीच्या आत विषय काढू नकोस.

तुझी काळजी वाहणारी,
आत्या

२२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चुकले. पहिल्याच कॉफीला विषय काढला आणि सगळे केककडे बघू लागले. पण पडदे घट्ट लावले तर आत वाफ कोंडून गुलाबांवर भुरी पडते, हे तू सांगेपर्यंत आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं! लाज वाटली. आता हिशेब केलाय: थोडी फट ठेवली तरी आमचं भागतं. ठरावात तशी दुरुस्ती मागितली आहे, एका पानात. सदस्यांच्या घरोघरी मीच जाणार.

तुझा राग नाही ना? नसूच दे.
रेन्स्के

२० फेब्रुवारी

चि. रेन्स्के हिस,
अ. उ. आ.

तू हार्मकडे जाऊन आलीस, त्याच संध्याकाळी मी फट ठेवून पडदे ओढले. तासाभरात हार्म काळा कोट घालून दारात! कोण गेलं, म्हणून विचारू लागला. मी त्याला अंगणात नेऊन वर बघायला लावलं. हातातली कॉफी त्याने तशीच गार होऊ दिली. मग म्हणाला, लहानपणी त्याचा बाप हेच तारे दाखवायचा, ते कधी दिसेनासे झाले ते कळलंच नाही.

काल मतदान झालं. मी बाहेर ताटकळत उभी होते. पोरी, जीव नुसता टांगणीला लागला होता. ठराव तुझ्या दुरुस्तीसह एका मताच्या फरकाने मंजूर झाला. हार्म बाहेर आला आणि तोंड पाडून मला म्हणाला, की रूली, आता रोज संध्याकाळी अख्ख्या गावाला सुतक.

गुलाबांवर भुरी नाही. येत जा, नुसतं काम पडलं की नव्हे.
तुझी आत्या