नवव्या सेकंदाचा श्वास

तारनाका, हैदराबाद
मंगळवार, ३ मार्च २०२६

प्रिय स्वप्नाअक्कास,
सुमेधाचा सप्रेम जयभीम.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरावरून लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. नांदेडचा पत्ता तोच असेल असं धरून लिहिते.

इकडे सगळं ठीक. आबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. आता ते गल्लीतल्या प्रत्येक पाटीवर चुका काढत बसतात. संदेशची ड्यूटी बदलली, सकाळी सहाला जातात. प्रबुद्ध तिसरीत गेला. तेलुगू, इंग्रजी फडाफडा वाचतो, मराठी मात्र बोटाने अक्षर लावत. संदेशचंही शिक्षण तेलुगूत झालेलं, त्यामुळे हे पत्र टेबलावर उघडं टाकलं तरी घरात कुणी वाचायचं नाही. बरंच आहे.

मला जरा सर्दी झाली आहे. घसा बसला आहे. ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली.

तर मुद्दा असा. चिक्कडपल्लीला तन्वी म्हणून एक बाई राहतात. कंपनीत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात गायकांचे सूर मोजतात. हसू नकोस, खरंच मोजतात. त्यांचा मोठा ग्रुप आहे, पुण्या-बंगळुरूपर्यंत माणसं आहेत. कुणी किती उंच गेलं, किती खाली उतरलं, एक सूर किती सेकंद धरला, याच्या याद्या करतात. त्यातल्या आवडत्या सुरांना ते नावं देतात, आणि लोक क्रिकेटचा सिक्सर आठवावा तसे ते सूर आठवतात. त्या यादीत आपल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमातला तो सूर आहे. चार वर्षांपूर्वीचा. काळी एकची पट्टी, तार सप्तकातला पंचम, चौदा सेकंद. ते त्याला ‘तारनाक्याचा सूर’ म्हणतात.

रविवारी, पंधरा तारखेला, कोठीच्या एका हॉलमध्ये त्यांनी मेळावा ठेवला आहे. मी तो सूर सगळ्यांसमोर घ्यायचा, मागे पडद्यावर सेकंद आणि पट्टी दिसणार. तीनशे माणसं येणार आहेत. मी हो म्हणून बसले. का म्हणून बसले ते विचारू नकोस. कौतुक करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग तुला ठाऊक आहे.

सर्दी नाही, अक्का. खोटं लिहिलं. गेले तीन आठवडे मी गच्चीवर जाऊन तो पंचम शोधत होते. मध्यमापर्यंत जात होते, पुढे आवाज फाटायचा. मागच्या बुधवारी जोर लावला तेव्हा घशात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि थुंकले तर रक्त. कोठीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूवरची शीर फुटली आहे. “तीन हफ्ते बात नक्को, अम्मा. गाना तो बिलकुलच नक्को. फिर से जोर लगाए, तो आवाज वापस आती या नहीं, मैं नहीं बोल सकता.” घरात मी प्रबुद्धच्या पाटीवर लिहून बोलते. त्याला गंमत वाटते. खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारायला तोंड उघडते आणि हात आपोआप तोंडावर जातो.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. तन्वी परवा घरी आल्या होत्या, सोबत लॅपटॉप. म्हणाल्या, “मॅडम, नववा सेकंद ऐका ना. इथे तुम्ही श्वास घेता, साफ ऐकू येतो. पण नोट तुटतच नाही! कैसा किये आप? आमच्या ग्रुपमध्ये सगळे पागल झालेत.” मी पाटीवर लिहिलं, ‘रियाज.’ तर म्हणाल्या, “एकाने लिहिलं होतं, इथे दोन माणसं आहेत म्हणून. मी त्याला ग्रुपमधूनच काढून टाकलं.”

त्या गेल्यावर मी अर्धा तास तशीच बसून होते.

तुला मी काय सांगणार, तू तिथेच होतीस. माझ्या मागे, हात-दीड हातावर. आबांच्या सगळ्या गायन पार्टीला एकच माइक. आबांनी आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, पुढच्याचा दम संपला की झीलकऱ्याने, म्हणजे मागे सूर धरणाऱ्याने, तो सूर उचलायचा, आणि पुढच्याने तोंड उघडं ठेवून हात वर करायचा. चेहरा पडू द्यायचा नाही. सांधा कुणाला दिसता कामा नये. त्या दिवशी पंचमावर माझा आवाज निघालाच नाही. मी तोंड उघडलं, हात वर केला, आणि मागून तू पहिल्या सेकंदापासून चौदाव्यापर्यंत तो सूर धरलास. नवव्या सेकंदाला ऐकू येतो तो श्वास माझा आहे. मी नुसती उभी राहून दमले होते.

कॅमेऱ्यात माझं तोंड दिसतं. तू ढोलकीवाल्याच्या आडोशाला होतीस.

इथपर्यंत ती पार्टीची रीत होती. पण नंतर चॅनेलवाले मुलाखत घ्यायला आले, तेव्हा मी म्हणाले, “वडिलांचा आशीर्वाद आणि रोजचा रियाज.” तिथे रीत संपली आणि चोरी सुरू झाली. तुझा एकच मेसेज आला होता, “छान बोललीस.” तो अजून आहे माझ्याकडे. त्यानंतर तू पार्टी सोडलीस, नांदेडला गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगितलं की दाजींची बदली झाली.

आता मागायचं ते मागते. तू पंधरा तारखेला ये. पूर्वीसारखी माझ्या मागे कोरसमध्ये उभी राहा. मी तोंड उघडते, तू सूर घे. एकदाच. मग मी आयुष्यात पुन्हा गाणार नाही. माझी लाज राख, अक्का.


गुरुवार, ५ मार्च

वरचं पत्र पाठवलं नाही. टेबलावर होतं. घरात मराठी वाचणारं कुणी नाही या भरवशावर राहिले, आणि आबांना नवा डोळा मिळालाय हे विसरले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर पत्र त्यांच्या मांडीवर. मी पाटी आणायला वळले, तर म्हणाले, “बस. तुला बोलता येत न्हाई ते बरंच झालं, आता ऐक. सूर स्वप्नाचा हाय, हे मला त्याच दिवशी कळलं व्हतं. पोरींचे गळे बापाला कळत न्हाईत व्हय?”

मी लिहिलं, ‘मग बोलला का नाहीत?’

म्हणाले, “पार्टीचं नाव झालं व्हतं. मी बी गप बसलो. सांधा दिसू नये म्हनलो व्हतो मी, सुमे. मानूस दिसू नये, असं कवा म्हनलो? आन् आता परत तिला मागंच हुबी करतीस?”

एवढं बोलून ते रडले. आपल्या आबांना मी आई गेली त्यानंतर आज पहिल्यांदा रडताना पाहिलं.

दुपारी तन्वींना सगळं लिहून पाठवलं. सूर स्वप्ना उत्तमराव यांचा, श्वास माझा, ज्याला ग्रुपमधून काढलं त्याचंच खरं. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. झाकली मूठ आपणच उघडली म्हणून मी पुन्हा पुन्हा फोन बघत होते. सातला उत्तर आलं, “चार वर्षं मी लोकांशी तुमच्यासाठी भांडले, मॅडम. यादीतलं तुमचं नाव मी काढलं आहे. दुसरं नाव त्यांनी स्वतः येऊन गायल्याशिवाय घालणार नाही. आता कुणाच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.”

बरोबर आहे त्यांचं. पण याचा अर्थ, मी खरं बोलूनही तुला काहीच मिळालं नाही. सूर आहे, यादी आहे, आणि नावाची जागा कोरी.

म्हणून वरची विनंती मी खोडते. मागे उभी राहायला येऊ नकोस. यायचं तर पुढे उभी राहायला ये, एकटी. आबा येणार आहेत. मीही येईन. मला लोक काय म्हणतील ते म्हणोत, संदेश काय म्हणतील तेही अजून माहीत नाही, त्यांना आज रात्री पाटीवर लिहून सांगणार आहे.

आणि यायचं नसेल तर नको येऊस. ते तुझं आहे, मी ओढून आणणार नाही.

फक्त एक सांगून टाकते. रक्त बघून घाबरले होते. तन्वींना घाबरले, आबांना घाबरले. पण सगळ्यात जास्त भीती याची वाटते की तू येशील, गाशील, सगळा हॉल उभा राहील, आणि तू माझ्याकडे न बघता निघून जाशील. तसं केलंस तरी ये.

‘तुझी’ लिहायला हात धजत नाही,
सुमेधा