दगडावरचा चौकोन

१४ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? मी बरी आहे. दुकान चालू आहे. सध्या सगळ्यांना पँटा आखूड करून हव्यात, माणसं बुटकी झाली की काय कळत नाही. जिन्यातला दिवा गेलाय तो गेलाच, घरमालक कानात बोळे घालून बसलाय.

"सासूबाई आल्या का, कशा वागल्या" हे तू दर पत्रात विचारतेस. येऊन गेल्या. सांगते, जरा दम धर.

तुला माहीतच आहे, यांचं जाणं त्यांनी कधी मानलंच नाही. एवढ्या लांबून शेवटचं तोंड बघायलाही येता आलं नाही, आणि आता तर डोळेच गेलेत. म्हणून धाकट्या दिरांनी त्यांना समजावून आणलं. "थडग्याच्या दगडावर दादाचं नाव कोरलंय, हात लावून बघ, मग तरी पटेल." आणि मी वेडी वाट बघत होते. वाटलं, त्या आल्या की दोघी गळ्यात गळा घालून रडू. इथे मी कुणापाशी रडणार? गिऱ्हाइकांपाशी?

नाव यांच्या देशाच्या, अम्हारिक लिपीतच कोरून घेतलं होतं. दिरांनी मेसेजवर पाठवलं, मी तसंच कोरणाऱ्याला धाडलं. चार अक्षरं, त्यातलं तिसरं चौकोनी. मला कुठे ती लिपी वाचता येते? आपण काना-मात्रा लावतो तिथे यांचं अख्खं अक्षरच बदलतं, शेकड्यांनी अक्षरं. म्हटलं, असेल एखादं चौकोनीही. कोरणाऱ्याने नमुना दाखवला तेव्हा "छान आलंय" म्हणून मीच मान डोलावली. दर रविवारी जाऊन तो चौकोन पुसून लख्ख करायचे गं.

सासूबाईंनी बोट फिरवलं. पहिलं अक्षर, दुसरं. ओठ हलत होते. तिसऱ्यावर बोट अडलं, चारी बाजूंनी फिरलं, पुन्हा फिरलं. आणि त्या चक्क हसल्या. दिरांनी वाकून पाहिलं. "वहिनी, हे अक्षरच नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोरणाऱ्याला गाठलं. म्हणाला, "बाई, कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. नंबर बरोबर आला होता, पण माझ्या जुन्या फॉन्टात त्या नंबराचं अक्षरच नव्हतं. असं झालं की कॉम्प्युटर रिकामा चौकोन टाकतो. मशीनने तोच कोरला." नवा दगड करून देतो म्हणाला बिचारा. त्याच्यावर ओरडायला गेले होते, तेही जमलं नाही.

नवा दगड घेऊन करू काय? सासूबाईंनी तिथेच, उभ्या उभ्या, आपल्या भाषेत निकाल लावला होता. दीर सांगायला तयार नव्हते, मी शपथ घातली तेव्हा बोलले. "हे माझ्या मुलाचं नाव नाही. तो जिवंत आहे. हिला टाकून गेला, म्हणून ही तो मेला म्हणत सुटलीय." आता नवीन कोरलं तर म्हणतील, मागाहून लिहून घेतलं. फोटो दाखवावा तर दिसत नाही. दीर म्हणतात, "राहू दे वहिनी, या वयात ती सुखात आहे."

सुखात! आणि मी? मी टाकलेली. चीड येते ताई. आणि तुझ्यापासून काय लपवू, त्यांचा हेवाही वाटतो.

काल त्यांचा फोन आला, दीर मध्ये अर्थ सांगत होते. म्हणाल्या, "तो परत आला की त्याला टाकून बोलू नकोस. आधी जेवायला वाढ."

मी हो म्हटलं.

तुझी,
अजून कुणापाशी न रडलेली,
धाकटी