आप्पांच्या फोटोपुढचा पहिला कप

बसवेशदादा,

खुशाली विचारायची इच्छा न्हाई, म्हणून सरळच लिहिते.

वडवणीच्या स्टँडसमोरचं आप्पांचं चहाचं हाटेल तू सुंदररावाला विकलं, हे मला दूधवालीकडून कळलं. सख्ख्या बहिणीला एक फोन करायला काय झालतं?

आज सकाळी आप्पांचा फोटो आणायला गेलते. सुंदररावानं पहिला चहा गाळला, कप फोटोपुढं ठेवला, मगच गिऱ्हाइकाला दुसरा कप दिला. आप्पा रोज महादेवापुढं ठेवायचे, अगदी तसाच.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई, ताई. वीस वर्षं इथंच चहा प्यालो, बघत होतो. तुमच्या दादाला फोन केलता, फोटो कुणाकडं देऊ म्हणून. ते म्हणले, भंगारात घाल."

मी पिशवी रिकामीच परत आणली. पहिला कप आप्पांना माझ्या घरी तरी कोण देतंय?

हे पत्र तुला पाठवत न्हाई. आप्पांना भंगारात घालणारा माझ्या कागदाचं काय करील, ते ठाऊक हाय. उद्या जाऊन त्यांच्या फोटोमागं खोचून येते. तिथं तुझा हात कधीच पोचणार न्हाई.

आप्पांची लेक,
शिवगंगा